लाल रेघ थोडी वर

मळवली,
२२ जून

प्रिय नवाजभाई,

सलाम. तुझ्या जहाजावर फोन काही लागत नाही, म्हणून हा ईमेल. पण तू याला पत्रच समज, कारण मी तो चहा घेऊन, मांडी घालून, निवांत लिहितेय. इकडे सगळे खुशाल. अब्बांचं जेवण दोन वेळ आणि भांडण तीन वेळ, म्हणजे तब्येत उत्तम. शाळा सुरू झाल्या, व्हॅन परत पोरांनी भरली आणि उजाडायच्या आत "रुमा, ऊठ, दुपार झाली!" हा आपला घरचा भोंगाही सुरू झाला. अम्मी गेल्यावर घरात भांडणापुरतंच तोंड उघडणारा माणूस त्या स्टिअरिंगमागे बसला की कसा बोलत सुटतो, ते तुला सांगायला नको.

समुद्र कसा आहे? खरं लिही. "मस्त आहे" असं लिहिलंस तर मी ओळखते की मस्त नाहीये.

तू नेहमी चिडवतोस ना, की मी आकाशात बघायचा पगार घेते? तर एकदाचं ऐकून घे. आमचा उपग्रह हवेत कुठल्या उंचीवर किती ओल आहे ते मोजतो. कान्ह्याच्या केंद्रात बसून आम्ही त्याला "पाहुणा" म्हणतो, कारण तो येतो, दहा-बारा मिनिटं दिसतो आणि डोंगराआड जातो. तेवढ्यात सगळं उरकायचं. आधी तब्येत विचारायची: बॅटरी किती, ताप किती, तोंड बरोबर दिशेला आहे ना. मग त्यानं मोजून आणलेलं उतरवून घ्यायचं, पुढच्या कामाच्या सूचना वर पाठवायच्या, आणि गेला की उतरवलेलं चाळून पुढे हवामानवाल्यांकडे धाडायचं. तुझ्या कॅप्टनला वादळाचा इशारा मिळतो त्यात आमचीही चिमूटभर मेहनत असते, तेव्हा जरा आदरानं बोल.

त्याच्या पोटात एक आरसा गरगर फिरत असतो. दर फेऱ्यात तो एकदा खालची हवा बघतो, एकदा थंडगार रिकामं आकाश आणि एकदा एक काळी तबकडी, जिचं तापमान आम्हाला पक्कं ठाऊक असतं. त्या दोन खात्रीच्या गोष्टींच्या आधारानं मधल्याचं माप काढायचं. तर हा आरसा फिरवणारी मोटर हल्ली वीज जास्त ओढायला लागलीय. स्क्रीनवर लाल रेघ असते, आकडा तिच्यावर गेला की खोलीत अलार्म कोकलतो. तो रोज कोकलायला लागला. मग बैठक झाली, आणि आमचे प्रमुख कैलाससर म्हणाले, यंत्राचं वय झालंय, रेघ थोडी वर घ्या. चोरून नाही हं, रीतसर सह्या करून. असं सगळीकडे करतात.

महिन्याभरात आकडा नव्या रेघेवर. पुन्हा रेघ वर. परवा तिसऱ्यांदा. आणि दर वेळी ती वर घेणारी बोटं माझी. स्क्रीन हिरवी होते, सगळे चहाला जातात, आणि मी तिथेच बसून आकडा बघत राहते. सर म्हणतात, "रुमाईसा, तू फार काळजी करतेस." करते. कुणीतरी करायला हवी ना?

बाकी गावची खबर. अब्बांनी व्हॅनचा डावा आरसा पुन्हा फोडला. पाटलांच्या बंगल्याचं गेट अरुंद आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधी एक रिक्षावाला आंधळा होता, आणि त्याच्याही आधी दगडच रस्त्यात आला होता. शेजारच्या सरुमावशी त्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणतात, "अब्दुलभाऊ लय मोटं झाल्यात बाई. मी हाळी देतेय, हात करतेय, तर ढुंकून बगत न्हाईत!" अब्बा म्हणाले, "तूच आवाज कमी कर, सगळं गाव बघतं." दोघं पोट धरून हसले. मीही हसले.

आणि हो, बेंगळुरूच्या ट्रेनिंगला मी नाही म्हणाले. लगेच भडकू नकोस. सहा महिने अब्बांच्या जेवणाचे हाल कोण बघणार? मी हल्ली सकाळचीच शिफ्ट मागून घेते. सकाळी व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसून कामशेतपर्यंत जाते आणि तिथून कान्ह्याला. सकाळची हवाही छान असते.

जिवाला जप.

तुझी,
रुमाईसा

ता. क. तुझं ते ऐकतात. पुढच्या बंदरावरून फोन करशील तेव्हा सहज म्हण, की डोळे एकदा तपासून घ्या. मी सांगितलं म्हणू नकोस.


मळवली,
९ जुलै

नवाजभाई,

तुझं उत्तर मिळालं. "गाडी म्हटली की ओरखडे पडणारच. अब्बा तीस वर्षं गाडी चालवतायत, त्यांना शिकवू नकोस. आणि ट्रेनिंग सोडलंस, डोकं फिरलंय का?" एवढंच होतं त्यात. मी ते चार वेळा वाचलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. तू काही नाही म्हणतोस म्हणजे नसेलच काही. आपल्याला पाहिजे ते सांगणारा माणूस किती गोड लागतो.

आधी हे ऐक, की सगळे जिवंत आहेत. आता पुढचं वाच.

गेल्या बुधवारी पहाटेच केंद्रातून फोन आला. मोटर अडकली होती. वीज इतकी ओढली गेली की उपग्रहानं स्वतःच सगळी यंत्रं बंद केली, पंख उन्हाकडे केले आणि आमच्या हाकेची वाट बघत बसला. असं झालं की जो जवळ राहतो त्यानं धावायचं. मी धावले. अब्बा दाढी करत होते. मी दारातून म्हणाले, "अब्बा, आज सावकाश जा." ते म्हणाले, "आणि इतर दिवशी काय विमान चालवतो?"

मी मिळेल त्या बाईकवर बसून कान्ह्याला गेले. भाई, त्या वाटेवर माझ्या मनात उपग्रह नव्हता.

पाहुणा आला तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते. बॅटरी ठीक, ताप ठीक. आम्ही एकेक यंत्र जागं करत होतो आणि माझा फोन टेबलावर थरथरत होता. नियम आहे, पाहुणा असताना फोन घ्यायचा नाही. मी घेतला नाही.

त्याच वेळी इकडे आपल्या रेल्वे फाटकाचा डांडा खाली येत होता. दिवा लाल, घंटा चालू, पण गाडीत पोरांचा दंगा. अब्बांनी समोर बघितलं, समोर रस्ता मोकळा, घातली गाडी. डांडा डाव्या अंगानं आला आणि मागच्या खिडकीवर बसला. काच फुटून सरुमावशींच्या नातीच्या, कोमलच्या कोपरात घुसली. टाके पडले. बाकीच्या पोरांना खरचटलंही नाही. फाटकवाल्या केरबाकाकांनी केबिनमधून बघितलं आणि हँडल अंगानं दाबून धरून डांडा अर्ध्यात थांबवला, म्हणून एवढ्यावर भागलं. गाडी मागं घेतली आणि मग लोकल गेली.

अब्बा घरी आले ते ओरडतच. केरबानं घंटा वाजवली नाही, केरबानं डांडा टाकला. भाई, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो डांडा दिसलाच नव्हता, तर तो कुठून आला हे त्यांनी कसं सांगावं?

गावानं त्यांच्यावरच विश्वास ठेवला. ठेवणारच. निम्म्या गावाची पोरं त्यांनी शाळेत पोचवलीयत. रविवारी आपल्या ओट्यावर सगळे जमले आणि केरबाकाकांना कामावरून काढा म्हणून अर्ज लिहिला गेला. सरुमावशीच पुढे होत्या. मला म्हणाल्या, "रुमा, तू शिकल्याली हायेस, आदी तुजी सही. त्या केरबाला घरी बसवल्याबिगर मी ऱ्हायाची न्हाई. अब्दुलभाऊनी ब्रेक दाबला म्हनून माजी नात वाचली गं!" आणि त्यांनी अब्बांपुढे हात जोडले. अब्बा मान खाली घालून बसले होते, थोडे फुलून. मला त्यांचा राग आला आणि इतकी कीव आली की रडू फुटेल असं वाटलं.

मी पेन हातात घेतलं होतं. सही करून टाकली असती. खोटं नाही सांगत. केरबाकाकांना कुठंतरी दुसरं काम लागेल, असा विचारही करून झाला होता माझा. एवढी मी नीच झाले होते.

मग कोमल आतून आली, हाताला पट्टी, आणि म्हणाली, "रुमादीदी, तू परत कधी येणार गाडीत? तू असलीस की अब्दुलचाचा धडकत नाहीत."

मी पेन ठेवलं. म्हणाले, "मावशी, केरबाकाकांनी डांडा धरला म्हणून कोमल वाचली. अब्बांना डावीकडचं दिसत नाही."

सरुमावशी म्हणाल्या, "कवापास्नं?"

"रमजानपासून मला माहितीये."

भाई, तेव्हा इफ्तारला मी खजुराचं ताट त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं होतं आणि ते विचारत होते, खजूर कुठंय. आधी मला चेष्टा वाटली. मग मी रोज ताट थोडं थोडं सरकवून बघितलं. मला कळलं, आणि मी काय केलं असेल? ताट समोर ठेवायला लागले. सकाळची शिफ्ट मागितली. गाडीत शेजारी बसून "अब्बा, रिक्षा", "अब्बा, म्हैस" करत राहिले, गप्पा मारल्यासारखं. ट्रेनिंग सोडलं ते त्यांच्या जेवणासाठी नाही. मला वाटलं, गाडी काढून घेतली तर हा माणूस मरेल. अम्मीनंतर त्यांच्याकडे दुसरं आहे काय? म्हणून त्यांची रेघ मी थोडी वर घेतली, मग आणखी थोडी. तिथे निदान सह्या तरी घेतो. इथे कुणाला विचारलंसुद्धा नाही.

सरुमावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् तू गाडीत न्हवतीस, त्या दिवशी माजी नात कुनाच्या भरवशावर बसली हुती, रुमा?"

त्यांनी अर्ज फाडला, कोमलचा चांगला हात धरला आणि निघून गेल्या. तेव्हापासून त्या आपल्या ओट्यावर चढलेल्या नाहीत.

सोमवारी मी अब्बांना तळेगावला दाखवून आणलं. काचबिंदू आहे. समोरचं दिसत राहतं आणि कडेचं गुपचूप जात राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती रोजच्या थेंबांनी टिकेल. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर. मी खाली बघत होते. अब्बांनी गाडी बंद केलीय, चावी त्यांनीच माझ्या हातात दिली. पोरं दुसऱ्या रिक्षानं जातात. सकाळी त्यांच्या आवाजाला अब्बा उठून बसतात आणि पुन्हा आडवे होतात.

काल ते एकटेच फाटकावर गेले होते, केरबाकाकांकडे. काय बोलले माहीत नाही. आल्यावर म्हणाले, "त्यानं चहा पाजला," आणि तोंड फिरवून घेतलं.

कामावर सरांनी सगळ्या रेघा मूळ जागी आणल्या. मोटरला आता एका फेरीआड एक फेरी विश्रांती देतो, त्यामुळे ऐन पावसात मोजमाप अर्धंच होतं आणि हवामानवाले शिव्या घालतात. अलार्म दिवसभर वाजतो. वाजू दे. तू मात्र तिकडे आभाळाकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा, आमच्यावर विसंबू नकोस.

आता जे सांगायला बसले ते. अब्बा माझ्याशी कामापुरतं बोलतात. डोळ्यांत थेंब घालू देतात, तेवढंच. आज थेंब घालताना, डोळे मिटलेले असताना, त्यांनी विचारलं, "नवाजला ठाऊक होतं?"

मी म्हणाले, "तो फोन करेल तेव्हा त्यालाच विचारा."

ते विचारणार, भाई. पहिल्यांदा तेच विचारणार. मी तुला तेव्हा सगळं लिहिलं नव्हतं, पण आरसा, रिक्षावाला, गेट, डोळे तपासायला सांग, एवढं लिहिलं होतं, आणि तू हुशार आहेस. तुला काही समजलं नव्हतं असं सांगितलंस तर मी खोडून काढणार नाही. ते मान्य करतील आणि त्यांचा भरवशाचा मुलगा तरी शिल्लक राहील. खरं सांगितलंस तर आपण दोघंही त्यांच्यासमोर सारखेच उभे राहू, आणि मला जरा कमी एकटं वाटेल. यातलं काय करायचं ते मी सांगत नाही. मी फक्त फोन त्यांच्या उशाशी ठेवलाय.

तुझ्या फोनची तुझ्याइतकीच धास्ती घेतलेली,
रुमाईसा