खोट्या माश्यांचा मेळावा

शुक्रवार, ४ एप्रिल

आलो एकदाचे. खोलीला बुरशीचा वास, चादरीला कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा. माझं नाक लॉन्ड्रीत घडलेलं आहे. अर्धं आयुष्य लोकांचे घामेजलेले कपडे वेगळे करण्यात गेलंय, मला फसवता येत नाही. धुतलेली चादर आणि नुसती इस्त्री फिरवलेली चादर यातला फरक दारातूनच कळतो. ही दुसरी. मी माझी शाल पसरून त्यावर बसलेय.

हा मेळावा म्हणजे आमच्या होणाऱ्या व्याह्यांचं राज्य. फ्लाय फिशिंग! मासेमारीच, पण गळाला गांडूळ लावायचं नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची, आणि काठीला बांधलेली लांबलचक दोरी चाबकासारखी हवेत फिरवून ती पाण्यावर अलगद टाकायची. मासा खुळा, त्याला वाटतं खरीच माशी. याचे तीन दिवस वर्ग, प्रात्यक्षिकं, भाषणं. व्याही मंडळाचे अध्यक्ष, मुख्य शिक्षकही तेच. सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा.

आमच्या लेकीचं, चिमीचं, लग्न जूनमध्ये. त्याआधी दोन्ही घरांनी जरा एकत्र राहावं, असं त्यांनीच फोन करून सांगितलं. आमच्या ह्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि चिमीला म्हणायचं नव्हतं. तेव्हा लॉन्ड्रीला कुलूप, आणि मी इथे.

खाली हॉलमध्ये सरस, व्हार्निश आणि ओल्या रबराचा एकत्र वास. शंभर खिशांची जाकिटं घातलेले पुरुष एकमेकांना हाताने माप दाखवताहेत — एवढा मोठा, एवढा मोठा. रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, पकडलेल्या माशाचं करता काय? सोडून देतो, म्हणाले. मग पकडता कशाला? सगळं टेबल हसलं. उस्ताद तर डोळे पुसत होते. “विहीणबाई, तुम्हाला शिकवावं लागणार!”

चिमीही हसली. ते लागलं.

शनिवार, ५ एप्रिल, दुपार

शिकवलं. नवशिक्यांच्या वर्गात मला घातलंच.

हिरवळीवर रांगेत उभं केलं. पाणी नाही, गळ नाही, दोरीच्या टोकाला लोकरीचा लाल गोंडा. दोरी मागे फेकायची, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. मनगट मोडायचं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटलं. माणूस शिकवतो चांगला. त्यांची स्वतःची दोरी तर अशी जाते की आवाजसुद्धा नाही. मी एकदोनदा बऱ्यापैकी फेकलीही.

पण मग त्यांनी बायकोला, म्हणजे माझ्या विहीणबाईंना, बोलावलं. बारीक चणीच्या, मान जरा खाली, सतत हसऱ्या. त्यांच्या हातात काठी दिली आणि म्हणाले, आता चूक कशी करतात ते बघा. त्यांनी फेकली. दोरी गुंतली. “वा! इतक्या वर्षांत एकदा तरी जमेल वाटलं होतं.” सगळे हसले. पुन्हा फेकायला लावली. पुन्हा गुंतली. पुन्हा हशा. जेवढ्या वेळा हसायला येत होतं तेवढ्या वेळा फेकायला लावली. आणि त्या बाई हसताहेत! सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढ्याच.

मी काठी गवतावर ठेवली आणि सांगितलं, माझा खांदा दुखतो.

होणारा जावई तिथेच उभा होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव मुखदुर्बळ ठेवलंय. आई गुंता सोडवतेय, बाप लोकांना हसवतोय, आणि हे बाळ स्वतःच्या बुटांकडे बघतंय. बुटांना काय चिकटलं होतं कुणास ठाऊक.

शनिवार, संध्याकाळ

माश्या बांधायचा वर्ग. टेबलावर कोंबड्याच्या मानेची अख्खी कातडी, पिसांसकट. सशाचे कान. होय, कान. त्यांची लव खरवडून दोऱ्यावर चिकटवतात. शेजारचा गृहस्थ एका हाताने ती कातडी चाचपत होता आणि दुसऱ्या हाताने बिस्किट खात होता.

विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचे हात मात्र सुरेख चालतात. एवढीशी माशी, पंखसुद्धा. कुणाच्या लक्षात येत नव्हतं, आणि त्यांचाही तसा आग्रह नव्हता. मी म्हटलं, छान झाली. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाला म्हणतेय की काय म्हणून.

मग तळ्यावर गेलो. उस्तादांनी मासा काढला, ओठातून गळ उपसला, आणि फोटोसाठी एकेकाच्या हातात दिला. ह्यांनीही धरला. दात काढून! मासा आ वासतोय, मिटतोय, आ वासतोय, आणि माणसं त्याला इकडे बघ म्हणताहेत. शेवटी सोडला तेव्हा तो पोट वर करून तसाच तरंगत राहिला. जाईल, जाईल, त्याला वेळ लागतो, असं सगळे म्हणाले आणि चहाला गेले. मी उभी राहिले. गेला नाही.

ह्यांच्या सदऱ्यावर तो बुळबुळीत डाग पडलाय. मी धुणार नाही.

रविवार, ६ एप्रिल

राग अजून उतरलेला नाही. तरी लिहिते.

आज समारोप, उस्तादांचं मोठं प्रात्यक्षिक. हातात माइक, हिरवळीच्या कडेने खुर्च्या. विहीणबाईंना लांब समोर उभं केलं, हातात कागदी पेला, हात बाजूला ताठ. दोरी फेकून ते तो पेला उडवणार. मला वाटलं, कालचा लोकरीचा गोंडा असेल. कुणीतरी विचारलंही. तर म्हणाले, गोंड्याला पेला अडकत नाही, खरा गळ हवा, त्याशिवाय मजा काय?

पहिल्यांदा उडाला. टाळ्या. दुसरा पेला दिला. तोवर वारा सुटला होता. खुर्च्यांवरचे कागद उडत होते, आंधळ्यालाही कळावं. एकजण म्हणाला, राहू द्या आता. नाही राहू दिलं.

गळ विहीणबाईंच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला.

त्या ओरडल्या नाहीत. आवाज फक्त माइकमधून आला — “हललीस कशाला?”

त्या हलल्या नव्हत्या. मी समोरच बसले होते. माझी नजर त्यांच्या हातावरच होती, कारण मला भीती वाटत होती. खांबासारख्या उभ्या होत्या.

पुढचं लिहायलाही शिसारी येते. ते त्यांना हाताला धरून मधोमध घेऊन आले आणि माइकवर म्हणाले, चला, हाही एक वर्ग होऊन जाऊ दे. गळाला उलटा काटा असतो, तो तसाच ओढला तर मांस घेऊन येतो. मग काय करायचं? दोरीचा फास घालायचा, गळ खाली दाबायचा आणि झटका द्यायचा. प्रत्येक पायरी थांबून दाखवली. मागच्यांना दिसत नाही म्हणून बायकोला वळवून उभं केलं! मुखदुर्बळ एक पाऊल पुढे आला. बाप नुसता म्हणाला, “थांब तिथे.” थांबला.

मी उठले तर ह्यांनी मनगट पकडलं. “अगं, लग्नाचं आहे. बस.” आणि मी बसले. दुसऱ्या कुणाची किळस करून काय उपयोग? बसले मीही.

झटका दिला. गळ वर धरला, रक्ताचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मात्र हात सोडवून घेतला. विहीणबाईंना घेऊन बाथरूममध्ये गेले, नळाखाली हात धरला. पाणी लाल, मग गुलाबी. त्या माझीच समजूत घालत होत्या. काही नाही हो ताई, लागतं कधीकधी. भुवईपाशी एक जुना व्रण आहे त्यांच्या. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी तो बोटाने झाकला.

“तेव्हाही मीच हलले होते,” त्या म्हणाल्या. “दर वेळी मीच हललेली असते.”

मी म्हटलं, “आज तुम्ही हलला नाहीत. मी बघत होते.”

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ की मलाच अवघडल्यासारखं झालं. मग हात पुसला आणि बाहेर जाऊन फोटोला उभ्या राहिल्या.

सोमवार, ७ एप्रिल

गाडीत सांगून टाकलं. या घरात मुलगी द्यायची नाही.

चिमी म्हणाली, मी सासऱ्यांशी लग्न करत नाहीये. बरोबर आहे. पण नवरा म्हणून कोण मिळतंय, तर बुटांकडे बघणारा! उद्या तुला वळवून उभं केलं तर हा काय करेल? ती म्हणाली, तुला तो माहीत नाही. मी म्हटलं, जे माहीत आहे तेच पुरे आहे. हे म्हणाले, जरासं खरचटलं त्याचं एवढं काय? जरासं खरचटलं!

 दुकानात येऊन ढीगभर चादरी उकळत्या पाण्यात टाकल्या. गरज नव्हती.

मंगळवार, ८ एप्रिल

चिमी जेवली नाही. मी हाक मारली नाही.

बुधवार, ९ एप्रिल

दोन्ही घरांचा मोबाइलवर एक ग्रुप केलाय लग्नासाठी. त्यावर आज उस्तादांनी मेळाव्याचा व्हिडिओ टाकला. मागे संगीत. त्यात ते सगळं आहे — पेला, गळ, झटका. झटका तर दोनदा दाखवलाय, दुसऱ्यांदा सावकाश. खाली लिहिलंय, ‘सौभाग्यवती जरा हलल्या, पण अखेर गोड!’

काका, मावश्या, दोन्हीकडची आते-मामे मंडळी, सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. आमच्या ह्यांनी अंगठा टाकला. अंगठा! ज्या बाईच्या अंगठ्यात गळ घुसला तिच्या व्हिडिओला.

गिऱ्हाईक समोर कोट घेऊन उभं होतं. त्याला थांबवलं आणि मोबाइलवर टाइप केलं — ‘त्या हलल्या नव्हत्या. वारा असताना तुम्ही फेकली. मी समोर होते.’

पाठवलं. मग कोटाचा डाग बघितला. तेलाचा होता.

गुरुवार, १० एप्रिल

उस्तादांचा फोन ह्यांना आला. ह्यांचं नुसतं हो, हो, बरोबर आहे, बायकांचं असंच असतं. मी शेजारी उभी! ठेवल्यावर म्हणाले, तू ग्रुपवर माफी मागितलीस तर लग्न ठरल्याप्रमाणे. नाहीतर ते पुढे ढकलताहेत. ढकलताहेत म्हणजे काय ते कळलं मला.

चिमी दारात होती. सगळं ऐकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, “आई, तुला हवं होतं तेच तू केलंस. आता तरी खूश आहेस का?”

नाही. खूश नाही. पोरीचे डोळे सुजलेत आणि ते माझ्यामुळे. कितीदा मोबाइल हातात घेतला. ‘क्षमस्व’ एवढं लिहिलं. बोटाला चिकट लागल्यासारखं वाटलं. पुसून टाकलं.

विहीणबाईंना फोन लावला. उचलला नाही. त्यांच्यासाठी म्हणून मी लिहिलं खरं, पण घरात त्याचं काय झालं असेल? हे आधी सुचलं नाही मला. लिहिताना मला फक्त माझी मळमळ काढायची होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

मुखदुर्बळाचाही चिमीला फोन नाही. वा रे वा. बापाने थांब म्हटलं असेल. थांबला असेल.

शनिवार, १२ एप्रिल

हे म्हणतात, एक शब्द लिहायला काय जातं? मी म्हटलं, मग तुम्ही लिहा, त्यात काय लिहायचं तेही सांगा. कशाची माफी? ह्यांनी पेपर उघडला.

लग्नाचा हॉलवाला विचारतोय, तारीख ठेवू की रद्द करू. चिमीने त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय. माझ्याशी बोलली नाही, पण मी ऐकेन अशा आवाजात बोलली.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर पायरीवर मुखदुर्बळ. हातात मोठी बॅग, एक गाल सुजलेला. मागे विहीणबाई, घरातल्या सपातांवर.

मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. “लग्नाचं काय ते तुम्ही आणि चिमी ठरवा, मला मान्य आहे. आईला आधी आत घ्या.”

घेतलं. दोघांनाही.