नमुना 'अ'चे सिलिंडर एकोणीस मिनिटे टिकल्याबद्दल दिलेले प्रशस्तिपत्र परत घेणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी (सुरक्षा व खरेदी),
व्यापारी संकुल क्रमांक दोन,
पाचवा मजला.

विषय : प्रशस्तिपत्र परत घेऊन उर्वरित दारांवर नमुना 'अ'चे सिलिंडर बसवण्याचा आदेश तत्काळ थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपले प्रशस्तिपत्र, दि. २९ सप्टेंबर.
२) संकुलातील सर्व ११२ दारांवर महिनाअखेर नमुना 'अ' बसवण्याबाबतचा आपला आदेश, दि. ३ ऑक्टोबर.

महोदय,

१. अर्जदार आपल्या संकुलात बावीस वर्षे कुलपे बसवतो, काढतो आणि लोकांच्या हरवलेल्या किल्ल्यांपायी अडलेली दारे उघडून देतो. मागील महिन्याच्या २९ तारखेस आपण त्याला सभागृहात बोलावून संदर्भ क्र. १ चे प्रशस्तिपत्र दिले. त्यात लिहिले आहे की, अर्जदाराच्या शिफारशीने निवडलेले कुलपाचे सिलिंडर 'प्रत्यक्ष आणीबाणीत सलग एकोणीस मिनिटे सर्व आघात सोसून अभेद्य राहिले'. टाळ्या वाजल्या. अर्जदाराने हात जोडले. त्या दाराच्या आत अर्जदाराची सख्खी थोरली बहीण मारली जात होती आणि सिलिंडरवर आघात करणारा माणूस स्वतः अर्जदार होता, हे मात्र प्रशस्तिपत्रात लिहायचे राहून गेले आहे.

२. निवड कशी झाली ते आपल्या दप्तरी आहे, तरी पुन्हा सांगणे भाग आहे. संकुलातील दारे कार्डाने उघडतात. कार्डाची यंत्रणा बिघडली तर सोय म्हणून प्रत्येक दाराला किल्लीचे सिलिंडर, म्हणजे किल्ली घालून फिरवायचा कुलपाचा गाभा, असते, आणि किल्लीने अडसर सरकवला की कार्ड निकामी होते. खरेदी समितीपुढे दोन नमुने होते. नमुना 'अ' दोन लाख फेरे टिकणारा, आत पोलादी खिळे घातलेला, ड्रिलला दाद न देणारा. नमुना 'ब' एक लाख फेऱ्यांचा, अंगाने जरा मऊ, पण आतून किल्ली लावलेली असली तरी बाहेरून दुसरी किल्ली घालून फिरवता येणारा. किल्ली दिवसाकाठी दोनदा फिरते आणि वर्षात कामाचे दिवस तीनशे. त्या हिशेबाने 'ब' दीडशे वर्षांहून जास्त टिकला असता आणि 'अ' तीनशेहून जास्त. तोवर तक्रार करायला समितीतले कोणी उरणार नव्हते, पण समितीला तीनशे वर्षांचेच हवे होते. अर्जदारालाही तेच हवे होते. त्याने समितीसमोर नमुना 'ब' पाईप पान्यात धरून एका हिसक्यात मोडून दाखवला आणि 'अ'वर घाम निघेपर्यंत हातोडा चालवला. आपण खुर्चीतून उठून पाहिले होते. कुलपाची परीक्षा बाहेर उभे राहूनच घ्यायची, एवढेच अर्जदाराला या धंद्यात शिकवलेले होते. 'ब' नापसंत केल्याच्या कागदावर त्याची सही आहे.

३. अर्जदाराने 'अ'चा एवढा आग्रह धरण्यामागे घरचेही कारण होते आणि ते त्याने समितीपासून लपवले. अर्जदाराची ताई तिसऱ्या मजल्यावरच्या नोंदीकक्षात कामाला होती. अर्जदाराच्या दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लग्नाच्या चौदा वर्षांत तिचा हात दोनदा आणि बरगडी एकदा मोडली होती. दर वेळी ती जिन्यावरून पडली असे सांगण्यात आले. त्यांचे घर तळमजल्यावर आहे. एप्रिलमध्ये ती अर्जदाराच्या घरी राहायला आली, तेव्हा दाजींनी निरोप धाडला की कामावर येऊन बघून घेईन. ताई अर्जदाराला म्हणाली होती, "असं कुलूप बसव, की तो डोकं आपटून मेला तरी दार उघडता कामा नये." म्हणून पहिले सिलिंडर नोंदीकक्षाला बसले. अर्जदाराने तिला स्वतः शिकवले, "किल्ली आतून लावूनच ठेवत जा. मग बाहेरून कुणाचीच किल्ली आत जायची नाही." तिने ते मन लावून पाळले.

४. दि. १२ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दाजी आले. त्यांनी दारावर डोके आपटले नाही, हाताने टकटक केली. आपली आई अत्यवस्थ आहे, शेवटचे बघायचे तर चल, असे त्यांनी रडवेल्या आवाजात सांगितले, हे त्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या जबाबात आहे. सासूवर ताईचा जीव होता. तिने दार उघडले. दाजी आत गेले आणि दाराला आतून लावलेली किल्ली त्यांनी फिरवली. त्यांची आई त्या वेळी घरी जेवत होती.

५. पहारेकऱ्याने आतली पहिली किंकाळी ऐकून अर्जदाराला हाक मारली. अर्जदार त्याच मजल्यावर काम करत होता, तो अकरा चोवीसला दाराशी पोहोचला. कार्ड लावले, चालले नाही. त्याच्या खिशात त्या दाराची दुसरी किल्ली होती. ती अर्ध्यातच अडली, कारण पलीकडे ताईची किल्ली होती. जागी 'ब' असता तर दार तिथल्या तिथे उघडले असते. अर्जदाराने ड्रिल लावले. पहिले पाते तिसऱ्या मिनिटाला मोडले, दुसरे सातव्याला. पहारेकऱ्याने आग विझवायचे नळकांडे उचलून दारावर घातले, पण आपल्या संकुलाची दारेही पोलादी पत्र्याची आहेत. आत दाजी ताईला लोखंडी पंचिंग मशीनने मारत होते, जे कागदांना दोन भोके पाडायला प्रत्येक टेबलावर दिलेले असते. घाव हाडावर बसला की वेगळा आवाज येतो आणि कपाटावर बसला की वेगळा. अर्जदार ड्रिल थांबवून पाते बदलत असे तेव्हा त्याला दोन्ही ऐकू येत.

६. ड्रिल चालवता चालवता अर्जदार "अहो दाजी, उघडा हो, पाया पडतो तुमच्या" असे ओरडत होता. चौदा वर्षांची सवय, माणूस बहिणीचे डोके फोडत असतानाही तोंडातून 'अहो'च निघाले, याची अर्जदाराला आता शिसारी येते. आतून उत्तर आले, "मेहुणे, कुलूप मात्र झकास बसवलंत!" आणि नंतर हसण्याचा आवाज आला. पहारेकऱ्याने लाजेखातर हे जबाबात सांगितले नाही. अर्जदार सांगत आहे.

७. आता जे आपल्या समितीच्या चौकशी अहवालात कुठेच नाही ते. तेराव्या मिनिटास आतून दाराच्या तळाशी खरवड ऐकू आली. ताई सरपटत दारापर्यंत आली होती. दाजी दमून बाजूला झाले असावेत. ती हळू म्हणाली, "दादू, किल्ली आतच आहे रे." घरात अर्जदाराला या नावाने हाक मारणारी ती एकटीच उरली होती. आतली किल्ली फक्त कुलपातून बाहेर ओढली असती तर अर्जदाराची किल्ली आत गेली असती, फिरवायचीही गरज नव्हती. तिला सुचेल या भरवशावर गप्प राहायचे, किंवा ओठ दाराला लावून कुजबुजायचे, एवढे भान अर्जदाराला राहिले नाही. तो जीव खाऊन ओरडला, "ताई, किल्ली ओढ! नुसती ओढ!" हे तिसऱ्या मजल्याने ऐकले. दाजींनीही ऐकले. किल्ली हलल्याचा आवाज अर्जदाराने स्वतः ऐकला आहे, ती निम्मी बाहेर आली होती. मग ते मशीन तिच्या हातावर पडले, त्यात तीन बोटे तुटली, आणि त्यानंतर डोक्यावर पडू लागले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ज्या घावांनी ती गेली ते हे शेवटचे घाव होते. म्हणजे अर्जदार ओरडेपर्यंत ती वाचण्यासारखी होती.

८. अकरा त्रेचाळीसला सिलिंडर सुटले. अहवालात पुढे असे आहे की, 'झटापटीत आरोपीच्या उजव्या तळहातास इजा झाली'. झटापट झाली नाही. दाजी ताईच्या खुर्चीवर बसून धापा टाकत होते. ताईचा चेहरा ओळखू येण्यासारखा नव्हता, अर्जदाराने तिला बांगडीवरून ओळखले. मग त्याने दाजींचा मनगटापाशी धरलेला हात टेबलावर दाबला आणि चालू ड्रिल तळहातातून खालच्या लाकडापर्यंत नेले. दोन पाती मोडणाऱ्या पोलादानंतर हाताला काहीच वेळ लागला नाही. ते किंचाळले तेव्हा अर्जदाराला बरे वाटले, आणि त्याने पाते गळ्याकडे वळवले होते. पहारेकऱ्याने कमरेला मिठी मारून मागे ओढले म्हणून आरोपी आज कोठडीत जिवंत आहे. पहारेकऱ्यावर यासाठी ठपका ठेवू नये. वरीलप्रमाणे दुरुस्ती करून अहवाल संबंधितांकडे पुन्हा पाठवावा, अर्जदार परिणाम भोगण्यास तयार आहे.

९. असे असता समितीने 'कुलूप निर्दोष, कारागीर निर्दोष' असा निष्कर्ष काढला आणि एकोणीस मिनिटांना टिकाऊपणाचा पुरावा ठरवून संदर्भ क्र. २ चा आदेश काढला. अर्जदार दोन वेळा आपल्या दालनात तोंडी सांगायला आला. पहिल्यांदा आपण म्हणालात की, दुःखात माणसाला काहीही वाटते. दुसऱ्यांदा म्हणालात, "कुलपाने त्याचं काम केलं, मिस्त्री." साहेब, त्याने केलेच. आपल्या संकुलात या घडीला बंद दारांआड एकेकट्या बसून काम करणाऱ्या एकसष्ट बायका आहेत. अर्जदाराने दारोदार जाऊन मोजल्या. त्यांपैकी नऊ जणींनी अर्जदाराला बाजूला घेऊन विचारले की, आतून किल्ली लावून ठेवली तर चालेल ना. बाहेरून कोण येईल याची भीती त्या नऊ जणींना असणार, नाहीतर असे कोणी विचारत नाही. अर्जदार पाना उचलून जिन्यात जाऊन बसला.

१०. सबब विनंती की :
(क) प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते घरात ठेवायला अर्जदाराकडे भिंत नाही.
(ख) अहवालात परिच्छेद ७ आणि ८ मधील मजकूर घालावा. ताईच्या मृत्यूच्या कारणांत अर्जदाराची निवड, त्याची शिकवण आणि त्याचे ओरडणे या तिन्हींची स्वतंत्र नोंद व्हावी.
(ग) संदर्भ क्र. २ चा आदेश रद्द करून सर्व ११२ दारांवर नमुना 'ब' बसवावा.

११. आपल्याकडील अर्जांना लागणारा वेळ अर्जदाराला ठाऊक आहे. त्यामुळे आज सकाळी सात ते नऊ या वेळेत, आतापर्यंत बसवलेल्या ३६ दारांवरची सिलिंडरे त्याने काढून आणली आहेत. आपल्या दालनाचेही त्यात आहे. कार्डाने दारे पूर्वीप्रमाणे उघडतील आणि मिटतील, फक्त आतून कोणी कोणाला कोंडू शकणार नाही. हा संकुलाच्या मालमत्तेचा गैरवापर ठरत असेल तर तसा गुन्हा नोंदवावा. अर्जदार तळमजल्यावर पहारेकऱ्याच्या बाकावर बसून आहे.

१२. नमुना 'ब' बसवण्याचे काम अर्जदारास देऊ नये, दुसऱ्या कोणाही कारागिरास द्यावे. मात्र या खेपेस परीक्षा टेबलावर पाना-हातोडा घेऊन होऊ नये. सिलिंडर दारावर बसवावे, आत एक माणूस उभा करावा, किल्ली आतून लावावी, आणि समितीने बाहेरून उघडून दाखवावे. आत उभे राहायला कोणी तयार नसेल तर अर्जदार उभा राहील. दार उघडेपर्यंत तो ओरडणार नाही.

आदेशाची वाट न पाहिलेला, तरीही आपला नम्र,

(सही)
कुलूपमिस्त्री, व्यापारी संकुल क्रमांक दोन

दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, चौकटीसह.
२) नमुना 'अ'ची सिलिंडरे, नग ३६, पोत्यात. (सदतिसावे, नोंदीकक्षाचे, पोलिसांकडे जप्त आहे.)
३) नोंदीकक्षाची दुसरी किल्ली.