झाकणाखालचं पाणी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (उजव्या गुडघ्याने सध्या असहकार पुकारला आहे, तेव्हा आठ अंगांतलं एक वजा धरावं.) डोळ्याची पट्टी निघाली आणि निघाल्या निघाल्या तुम्ही मामींना, "अगं, तू एवढी पांढरी कधी झालीस?" असं विचारलंत, हे मामींनी फोनवर सांगितलं. त्या रागावल्या होत्या की हसत होत्या ते कळलं नाही, बहुधा दोन्ही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. फोनवर तुमच्याशीच बोलले असते, पण माझा फोन आला की कानातलं यंत्र नेमकं टेबलावर असतं, आणि मला जे सांगायचं आहे ते मामींच्या मार्फत ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. मागायचं काहीच नाही, नुसतं सांगायचं आहे.

तर झालं असं, की आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता 'आपल्या परिसराचा पर्यावरणीय इतिहास'. जायचं होतं भूगोलाच्या सरांना, पण ते शिडीवरून पडले (नकाशा टांगताना, भूगोलाने माणूस जायबंदी झाल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं). बाई म्हणाल्या, नावात इतिहास आहे ना, मग तुम्हीच जा. मला वाटलं, झाडांची चित्रं रंगवायला लावतील, चहा देतील, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र देतील. सत्तर उत्तरपत्रिका पिशवीत घातल्या आणि मागच्या बाकावर जागा धरली. चोवीस वर्षं मुलांना ज्या बाकावरून उठवलं, तिथे बसण्यात काय सुख असतं ते मला त्या दिवशी कळलं.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची. पायांत गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे बूट. आम्ही तिचं नाव पहिल्या तासालाच 'बूटवाल्या बाई' ठेवलं (शिक्षकांना नावं ठेवण्याची हौस विद्यार्थ्यांहून जास्त असते, हे बाहेर कुणाला सांगू नका). तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या शाळेखाली शंभर वर्षांपूर्वी काय होतं?" आम्ही चाळीस जण, मिळून हजारेक वर्षांचा अनुभव, आणि सगळे एकमेकांच्या वह्यांत डोकावायला लागले. शेवटी दुसऱ्या एका शाळेचे गणिताचे सर म्हणाले, "जमीन." सगळे हसले. ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बूटवाल्या बाईंनी जुना नकाशा आमच्या हाती दिला. गावातून पूर्वी एक ओढा वाहायचा, तो कुठे गेला ते शोधा म्हणाल्या. आता चोवीस वर्षं या गावात राहिल्यावर नकाशा हातात धरायचा हक्क माझा नाही तर कुणाचा? मी पुढे, मागे एकोणचाळीस. तो नकाशा मी अर्धा तास उलटा धरला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही (किंवा आलं असेल, पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे). त्यामुळे ओढा शोधता शोधता आम्ही एका धोबीखान्याच्या मागच्या दाराने आत शिरलो. चाळीस माणसं, गळ्यात ओळखपत्रं, हातात वह्या. मालकाला वाटलं, तपासणी आली. त्याने पुढचं शटर खाली ओढलं, मग आम्ही मागच्या दारात उभे असल्याचं लक्षात येऊन वर केलं, आणि घाम पुसत म्हणाला, "साहेब, आम्ही सगळं नियमात करतो हो."

शिक्षक आहोत म्हटल्यावर त्याला जो काही आनंद झाला! एवढं आमचं स्वागत आमच्या स्वतःच्या शाळेतसुद्धा होत नाही. त्यानेच इस्त्रीच्या टेबलाखालचं पोतं सरकवलं. खाली लोखंडी झाकण. म्हणाला, "वडलांनी पाणी बघूनच इथे जागा घेतली. कान लावा." एकेक जण गुडघ्यावर बसून कान लावायला लागला. माझी पाळी आली. खाली गेले ती गेलेच. वर यायचं नाव नाही. व्यायामाचे सर आणि धोबीदादा या दोघांनी मला धुतलेल्या सतरंजीसारखं उचललं. पण मामा, मधली ती दोन मिनिटं मी तशीच पडून होते, गाल थंडगार लोखंडाला टेकवून, आणि खाली पाणी वाहत होतं. मोठा आवाज नव्हता. शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याच नादात बोलत बसावं, तसा. रोज शाळेला जाताना मी त्या रस्त्यावरून चालते. इतकी वर्षं ते पायाखाली वाहत होतं आणि मी वर्गात जगभरच्या नद्यांच्या काठच्या संस्कृती शिकवत होते.

त्या पाण्याने माझं डोकंच फिरवलं. चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत आम्हाला बसवलं, तिथे मी न विचारता भाषण ठोकलं. जिवंत पाण्यावर झाकण घालणारा माणूस कसा असेल, म्हटलं. त्याच्या छातीत काळजाऐवजी सिमेंटची गोणी असेल. तो कधी पाण्यात पाय सोडून बसलाच नसेल. असा माणूस आपल्यापैकी कुणाच्या घरात निपजला असता तर आपण त्याला जेवायला वाढलं असतं का? टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्यांच्या भरातच ओढ्याची फाईल उघडली.

खाली तुमची सही होती.

तुमच्या सहीची ती लांब शेपटी मी कुठेही ओळखीन. शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही दिलेल्या शब्दकोशाच्या पहिल्या पानावर तीच आहे. तुम्ही इथल्याच नगरपालिकेत इंजिनिअर होतात हे मला काय माहीत नव्हतं? पण मी इथे नोकरीला लागले तोवर तुम्ही निवृत्त होऊन दादाकडे राहायला गेला होतात, आणि घरात तुमच्या तोंडून आम्ही कायम ऐकलं ते पुलाबद्दल. पूल असा बांधला, पूल तसा बांधला. ओढ्याबद्दल कधी अवाक्षर नाही.

मी काय केलं असेल? फाईल मिटली आणि तिच्यावर बसले. अक्षरशः बसले. बूटवाल्या बाईंनी विचारलं, काही सापडलं का, तर म्हटलं, वाळवीने खाल्लंय सगळं. (इतिहासाची शिक्षिका पुराव्यावर बसून खोटं बोलते, हे दृश्य पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही.) जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर ती फाईल मी पहिल्यापासून वाचली.

काय वाचलं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला कुणाला तरी सांगायचंय आणि तुमच्याखेरीज कुणाला सांगू? रंगाच्या कारखान्याचं पाणी ओढ्यात सोडत होते. एका उन्हाळ्यात काठच्या गल्लीत तापाने अकरा मुलं गेली. तुम्ही घरोघर फिरून यादी केलीत, नाव आणि वय, प्रत्येकाचं. मग टिपण लिहिलंत, की कारखान्याचं पाणी थांबवा, ओढा साफ करा, तो उघडाच राहू द्या. वरून शेरा आला : 'अव्यवहार्य. झाकावा.' तुम्ही दुसरं टिपण लिहिलंत. पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या वेळी गल्लीतल्या लोकांचा अर्ज आला, की आमची मुलं मरताहेत, काय करायचं ते लवकर करा. मग तुम्ही ओढा झाकायच्या आदेशावर सही केलीत. आणि खाली, शिसपेन्सिलीने, 'झाकणं तात्पुरती आहेत. पाणी स्वच्छ झाल्यावर काढावीत.' त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. कारखाना बंद पडूनच पंधरा वर्षं झाली. पेन्सिलीची ओळ कोण वाचतं?

दुपारी मी उभी राहिले आणि म्हटलं, सकाळी मी जे बोलले ते माझ्या सख्ख्या मामांबद्दल बोलले आणि ते न वाचता बोलले. मग सगळी फाईल वाचून दाखवली. यादीही वाचली. सहाव्या नावापाशी गणिताचे सर उभे राहिले. मला वाटलं, त्यांना बाहेर जायचं असेल.

"ती माझी बहीण," ते म्हणाले. "सात वर्षांची. मी चारचा होतो. पुढे आम्ही ते घर सोडलं. आईने तिचं नाव पुन्हा घेतलं नाही, फोटोही नाही. तिचं नाव कुठे लिहिलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं." मग म्हणाले, "परत एकदा वाचता?"

मी परत वाचलं. एका वाचण्याने भागलं नाही, मामा. तीनदा वाचलं.

तुम्ही चूक केलीत की बरोबर, हे मला ठरवता आलेलं नाही. पूर्वी पाच मिनिटांत ठरवलं असतं. परीक्षेत हा प्रश्न आला तर 'थोडक्यात उत्तर लिहा' असं लिहिता येणार नाही, एवढंच समजलं. तुम्ही हे इतकी वर्षं एकट्याने का बाळगलंत, हे मात्र मला विचारायचं होतं. पण पत्रात असलं काही विचारू नये. तब्येतीला जपा. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. १ : मागायचं काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. येत्या शनिवारी तिसऱ्या तासाला आमच्या वर्गात या. मुलं पालिकेला अर्ज लिहिताहेत, की निदान एक झाकण उघडून पाणी तपासावं. तुमची पेन्सिलीची ओळ त्यांनी शाईने उतरवून काढली आहे. त्यांना ती लिहिणारा माणूस बघायचा आहे.

ता. क. २ : तुम्ही येणार असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे. मामींशीही बोलणं झालं आहे, त्यांनी तुमचा पांढरा सदरा इस्त्रीला दिला. तेव्हा 'विचार करून कळवतो' वगैरे लिहायच्या भानगडीत पडू नका.

ता. क. ३ : मुलांनी अर्जात ओढ्याचं नाव लिहायला जागा सोडली आहे. नकाशावर 'नाला क्र. ४' आहे, फाईलमध्ये 'सदर नाला', आणि धोबीदादा नुसतं 'मागचं पाणी' म्हणतात. गणिताच्या सरांना एवढंच आठवतं, की त्यांची बहीण त्याला कुठल्याशा नावाने हाक मारायची. नाव आठवत नाही. तुम्ही त्या गल्लीत घरोघर फिरला होतात. कुणाच्या तोंडून ऐकलं होतं का? सर शनिवारी येऊन मागे बसणार आहेत.