मॅख्टेल्डबाईंचं बेट

ॲमस्टरडॅम, ३ मार्च १६०१

हिरव्या रंगाचा थेंब समुद्रात पडला. कुंचला माझाच. नकाशा छापून वाळलेला, गिऱ्हाईक उद्या दारात — आणि मी अशी वेंधळी! एव्हर्टमालक वाकून बघत म्हणाले, "पुसू नकोस, कागद फाटेल. कडेनं शाईची रेघ मार. बेट होईल."

मारली. झालं बेट. नाव मालकांनी बायकोचं दिलं, कालच्या भांडणावर उतारा म्हणून.

४ मार्च

व्यापारी नकाशा घेऊन गेले. थेंब वाळला होता, एवढंच पाहिलं.

१९ मार्च

व्यापाऱ्यांना नकाशावर दुसरं काही दिसेचना. बाकीची बेटं सगळ्यांना ठाऊक, हे कुणालाच नाही — म्हणजे पोर्तुगीजांनी लपवून ठेवलेलं! असलं शहाणपण शिकल्यासवरल्यांनाच सुचतं. मालकांना विचारलं तर ते नुसते गूढ हसले. "कुठून कळलं ते सांगता येत नाही." हे मात्र खरं बोलले.

२६ मार्च

बाजारात तुरी. बेटावरची जायफळाची झाडं कुणाच्या वाट्याला, यावरून पुलावर दोन व्यापाऱ्यांची जुंपली. एकाची टोपी कालव्यात गेली.

मॅख्टेल्डबाई मासळीबाजारात आता थांबत नाहीत. "आधी मला दे. माझ्या नावाचं बेट आहे." कोळीण म्हणाली, "मग तिथलेच मासे खा की."

२ एप्रिल

बेट शोधायला व्यापारी जहाज पाठवताहेत; सिब्रांडनं, माझ्या धाकट्या भावानं, त्यावर नाव नोंदवलं. आई गेल्यापासून तो आणि मी, तिसरं कुणी नाही. म्हणतो, "ताई, तू रंगवलेल्या बेटावर पहिलं पाऊल माझं पडणार."

सगळं सांगितलं त्याला. थेंब आहे रे तो! हसला. "मला अडवायला तू काहीही सांगशील." नसलेल्या बेटापायी असलेला भाऊ जायचा.

३ एप्रिल

कप्तानाकडेच गेले. थेंब, रेघ, मालकांचं भांडण — काही लपवलं नाही. कामावरून काढलं तर काढू दे. वाउटर कप्तानानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, समुद्रावर गेलीस कधी?"

नाही, म्हटलं.

"मग तिथं काय आहे नि काय नाही, तुला कसं कळणार?"

"अहो, ते बेट मीच काढलंय."

"छान काढलंयस," म्हणाला, आणि खारवलेला हेरिंग मासा हातावर ठेवला. घरी येऊन तो कांद्याबरोबर खाल्ला, रडत रडत. कांदा निमित्ताला बरा.

११ एप्रिल

गेला.

१४ जानेवारी १६०२

नकाशाची नवी आवृत्ती. मालकांनी बेट तिप्पट मोठं केलंय. डोंगर आला, नदी आली. गिऱ्हाइकांना नदी आवडते म्हणे. मी गुपचूप निळी रंगवली. नाही म्हणायला तोंड होतं, पण ते चालवायला पावही लागतो. लाज वाटते. इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं बोलू?

९ नोव्हेंबर

जहाजाची काही खबर नाही. धक्क्यावर विचारायला गेले की लोक आता तोंड फिरवतात. देवा, बेट नको, जायफळ नको, तेवढा पोरगा परत पाठव.

२१ ऑगस्ट १६०३

आलं! तोफा, घंटा, धक्क्यावर मुंगीला जागा नाही. बेट सापडलं म्हणे! दाखवलं होतं तिथून थोडं बाजूला. एवढी चूक मालकांनी मोठ्या मनानं कबूल केली. जायफळाची पोती उतरताहेत, मॅख्टेल्डबाई रेशमी झगा घालून उभ्या, जणू त्यांचंच बारसं.

सिब्रांड जिवंत आहे. हाडं उरलीत, पण आहे. त्याला घट्ट धरून ठेवलं.

२३ ऑगस्ट

वाटाण्याचं सूप पुढ्यात तसंच निवत ठेवून आज बोलला. "तू म्हणालीस तसंच होतं, ताई. तिथं नुसतं पाणी. दहा दिवस घिरट्या घातल्या. मग पुढं एक बेट लागलं. जायफळाची झाडं, तीन गावं, पोरंबाळं. कप्तान म्हणाला, हेच ते. मग नकाशा उघडून म्हणाला, यावर माणसं कुठं आहेत?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय. आम्ही नकाशात होतं तसं करून आलो."