माईक नसलेला रंगमंच

प्रिय हिमानी,

केयाचे आईबाप म्हणून आपल्या दोघांची तक्रार एकच: मुलगी मराठीत उत्तर देत नाही. डब्लिनच्या महाराष्ट्र मंडळात मी त्यावर भाषणं ठोकली. तू घर सोडून गेलीस, त्या दिवशीही मी तिथेच बोलत होतो.

परवा ग्रीसच्या कॉस बेटावर, नव्याने दुरुस्त केलेल्या प्राचीन रोमन नाट्यगृहात मी रंगमंचावर उभा राहिलो. केया सर्वांत वरच्या पायरीवर होती. माईक नाही, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही, असं समजून पुटपुटलो, "हिमानीला परत बोलवू का?"

पण त्या दगडी पायऱ्यांवर कुजबुजही शेवटपर्यंत पोचते. वरून केयाचं उत्तर आलं, "बोलव ना, बाबा! फक्त स्पीच नको देऊस."

हिला मराठी येतं, मग इतकी वर्षं मराठीत गप्प का होती? मला तू हवी आहेस, की श्रोता? कळत नाही. हे पत्र पाठवावं की फाडावं, तेही ठरत नाही. तरी सांगतो, शनिवारी फोन कर.

केदार