पट्टी गरम गाडीची

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सूनबाई फोनवर म्हणाली, तू कानाचं यंत्र पुन्हा खणात टाकून दिलंयस. म्हणजे तुझ्याशी भांडायचं तरी पत्रच लिहायला हवं. तर वाच.

माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह चढावर दगा देते आहे. सपाटीवर शहाण्यासारखी चालते, पण वरच्या वस्तीची चढण लागली की इंजिन नुसतं ओरडतं आणि चाकं ढिम्म. गेल्या आठवड्यात वर एक गाय अडली होती. अर्ध्या चढावर गाडी मागे सरकायला लागली, तिथेच सोडून चालत गेले, पोचेपर्यंत वासरू गेलं होतं. गाय वाचली. मालकिणीने उलट मला चहा करून दिला, ते जास्त लागलं.

मेकॅनिकने चालवून पाहिली आणि गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. आमचे हे तर वाटच बघत होते! भंगारवाल्याला महिनाअखेरच्या रविवारी बोलावून मोकळे झाले. शिवाय पशुवैद्यक कार्यालयात टेबलावरची जागा रिकामी आहे, तिचा अर्ज माझ्याकडून लिहून घेऊन पाठवूनही दिलाय. गाडी नाही तर वरच्या वस्त्या नाहीत. मग मी जनावरांची डॉक्टर कसली, त्यांचे आकडे भरणारी बाई होणार. मला ते नको आहे, दादा. रडू येईल इतकं नको आहे.

ऑटोमॅटिक गिअरचं तेल कमी असेल म्हणशील, तर तेही नाही. आपल्या अप्पांची शिस्त मी मोडलेली नाही. रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, गार असताना, तेल मोजायची पट्टी काढून बघते. खुणेपर्यंत तेल असतं.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त लागेल.

तुझी,
चिंगी

९ मार्च

सौ. चिंगीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून एकटाच हसत बसलो. तुझी वहिनी म्हणाली, कान गेलेच होते, आता डोकंही गेलं.

अगं शहाणे, अप्पांचा ट्रक हाताने गिअर टाकायचा होता! इंजिनाचं तेल गार गाडीत बघायचं हे अप्पांचं अगदी बरोबर. पण या गिअरबॉक्सचं उलटं असतं. इंजिन बंद झालं की वर खेळणारं तेल तळात उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. गाडी सपाट जागी लाव, चांगली तापलेली हवी, इंजिन चालू ठेव, गिअरचा दांडा सगळीकडून फिरवून पार्किंगला आण आणि मग पट्टी बघ. कोरडी निघणार, पैज लाव.

मग तेल बदलायचंच. गाडी स्टँडवर घे. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरलीस तर मी तिथे येऊन कानफटात देईन, तू कितीही मोठी डॉक्टरीण असलीस तरी. जुनं तेल काढलंस की तळाचा ट्रे सोडव, आतली गाळणी बदल, ट्रेच्या सांध्यातलं गॅस्केटही नवं घाल. गळती तिथूनच असणार. ट्रेमध्ये लोहचुंबक असतो. त्यावर मऊ काळा लगदा दिसला तर घाबरू नकोस, ती रोजची झीज. पण कण नखाला टोचले, तर मात्र मेहुण्यांचं ऐक आणि गाडी सोड. हे मी मन घट्ट करून लिहितोय.

मागच्या बाजूला आणखी एक डबा आहे, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा. त्याचं बूच अगदी तसंच दिसतं. त्याला हात लावायचा नाही. आणि तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच आण. सगळं जुनं एका वेळी निघत नाही, म्हणून भर, थोडं चालव, पुन्हा काढ, पुन्हा भर, लाल दिसेपर्यंत.

मेहुण्यांना नमस्कार सांग, आणि उजेडाला बॅटरी धरायला लाव. आशीर्वाद आहेतच, पण स्टँड विसरू नकोस.

तुझा,
दादा

१७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पैज जिंकलास. पट्टीच्या टोकाला जेमतेम ओल होती!

रविवारी अंगणात गाडी स्टँडवर चढवली. हे बॅटरी घेऊन उभे, चेहरा असा की जणू माझं ऑपरेशन चाललंय. उताणी पडल्यावर पुढचं-मागचं उलटं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नेमकं तेच बूच सोडवलं, ज्याला हात लावू नकोस म्हणालास. मधासारखं पिवळं, कुजकट वासाचं तेल थेट वेणीवर. लगेच बूच बसवलं, सांडलं तेवढं त्याच जातीचं नवं तेल भरून काठाला आणलं. केस तीनदा धुतले, तरी हे जेवताना पलीकडे सरकून बसतात.

मग खऱ्या बुचातून काळपट, जळक्या वासाचं तेल आलं, तेही थोडंसंच. ट्रे उतरवला, तर आतली गाळणी मातीची पाटी दिसत होती. ट्रेमधल्या लोहचुंबकावरून मात्र बोट फिरवायची हिंमत होईना. शेवटी डोळे मिटून फिरवलं. मऊ! नखाने खरवडलं, तरी मऊच. मी गाडीखालीच किंचाळले. यांना वाटलं मी चिरडले. त्यांनी माझे पाय धरून मला फरफटत बाहेर ओढलं आणि मग धपकन पायरीवर बसले. तेव्हा कळलं, यांना गाडीचा राग नाही, त्या चढाची भीती वाटते.

गाळणी आणि गॅस्केट नवं घातलं, आता तेल लाल आहे. चढ अजून बघायचाय. आशीर्वाद तयार ठेव.

तुझी,
चिंगी

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चढली! दादा, चढली!

काल पहाटे वरच्या वस्तीवरून निरोप आला, म्हैस अडलीय. भंगारवाला यायचा तोच दिवस. हे शेजारी येऊन बसले. जिथे गाडी हरायची त्या वळणावर मी श्वास रोखला, आणि ती तशीच वर गेली, कुरकूर नाही, घसरणं नाही. यांनी दारावरची पकड सोडली ती थेट वर पोचल्यावर. रेडकू पायांकडून येत होतं. मी ओढलं, यांनी शेपटी धरली, आणि ते जिवंत बाहेर आलं, चक्क शिंकलं.

उतरताना बघतो तर भंगारवाल्याचा ट्रक ओढ्याच्या चिखलात रुतलेला. साखळी लावली, चारही चाकांना जोर दिला, आणि एका दमात ट्रक रस्त्यावर. तो बिचारा हात जोडून विचारतो, ती मोडकी गाडी कुठे उभी आहे? यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, हीच ती, पण विकायची नाही, आमच्या डॉक्टरीणबाईंना कामावर जायला लागते.

अर्ज आज सकाळी मी स्वतः जाऊन मागे घेतला. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, वर रेडकू बघायला जायचंय.

सगळ्यांना नमस्कार. तुझा लोभ मला पुरून उरला.

तुझी, टेबलावर न बसलेली,
चिंगी