निवाऱ्यातलं पांघरूण

बाळा, तुला आईचा आशीर्वाद, सूनबाईला थोडा जास्तच.

मी इथे तुझ्या बहिणीकडे ठणठणीत आहे. पत्र तुझी भाची लिहितेय, मध्येमध्ये हसतेय.

काल तिच्या वर्गातली मुलं बेघरांचा निवारा बघायला गेली. हौसेने मीही गेले. तिथल्या बाईंनी मलाच पांघरूण दिलं, खाट दाखवली. म्हटलं, "अहो, मला घर आहे, मुलगा आहे." शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळ्या हेच सांगतात."

मुलं हसली, मीही हसले. तेव्हापासून मात्र जीव थाऱ्यावर नाही.

सूनबाईची कंबर कशी आहे? आणि माझ्या खोलीत भाडेकरू ठेवणार होतास, त्याचं काय झालं? आपलं सहज विचारलं.

गडबडीत पांघरूण माझ्याच हातात राहिलं. तुझं उत्तर आलं की परत करीन.

तुझ्या भाचीचं हसू थांबलंय, म्हणून पुरे करते.

तुझी आई